नहरेच्या टोकाचं शेत

बाबा सिंचाई विभागात अमीन होते. हिवाळ्यात गावोगाव फिरून नहरेचं, म्हणजे कालव्याचं, पाणी कोणाच्या किती बिघ्यांना मिळालं, पीक कोणतं, हे ते लिहीत आणि त्यावरून जलकर ठरे. पाणी कोणीच मोजत नसे, मोजत ते शेत. म्हणून नहरेच्या तोंडाशी असलेले लोक गव्हात तळं होईस्तोवर पाणी घेत, आणि टोकाला नुसती वाट बघणं उरे.

बाकीचे अमीन तोंडाकडून सुरुवात करत. चहा तिथेच मिळे. बाबा आधी टोकाला जात, चपला बांधावर काढून मातीत पाय रोवत, ओल लागली तरच लिहीत. रविवारी स्कूटरवर मागे मी असे.

एका रविवारी शाळेत माझं गॅदरिंग होतं. ‘‘चला ना, बाबा,’’ अशी मी भुणभुण लावली. टोकाची शेतं त्यांनी त्या दिवशी न बघताच लिहिली आणि शहरात टावर चौकातली गर्दी चुकवत मला वेळेवर पोचवलं.

टोकाला त्या हंगामात पाणी पोचलंच नाही. कराची परची पोचली. बाबा माफी मागायला गेले. टोकाच्या शेतातल्या म्हातारीने पाण्याचा लोटा पुढे केला.

‘‘लो बाबूजी, यो कुआँ को है. नहर को तो तमारा कागज में है.’’

बाबा हसले. परची रद्द व्हायला वर्ष गेलं. तोवर त्या घराने बोरिंग खोदलं होतं. तरी बाबा दर हिवाळ्यात विचारायला जात, रिटायर झाल्यावरसुद्धा: टोकाला पाणी आलं का?

बाबांना जाऊन तीन महिने झाल्यावर मी त्या गावी गेले. म्हातारीच्या मुलाने मला ओळखलं. बातमी ऐकून तो बांधावरच बसला.

‘‘गया साल याँ बाबूजी को फोन आयो थो. पूछ्यो, पानी आयो? आवाज भोत हलकी थी, जीजी. मैंने कै दियो, आई ग्यो.’’

शेजारी नहर होती. तिच्यात वाळकं गवत उभं होतं.

‘‘अच्छा किया, भैया,’’ मी म्हटलं.

तो फोन झाला तेव्हा मी घरातच असणार. फोन ठेवून बाबा मला काहीतरी म्हणाले असतील. मी वाचत असेन, नुसतं ‘हं’ म्हटलं असेन. काय म्हणाले, ते अजून आठवत नाही.