तो मागे वळला, हे मी सांगितलं

रस्त्यात माझ्यापुढे कुणी पाठमोरं चालत असलं, की मी वेग कमी करतो किंवा पलीकडच्या बाजूला जातो. वडगावात राहणाऱ्याला हे अवघड आहे. गल्ल्या अरुंद, घराघरांत यंत्रमागांचा खडखडाट, सकाळी दूध आणायला निघालो तरी कुणी ना कुणी पुढे असतंच. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात. मी त्यांना तसंच वाटू देतो. खरी गोष्ट अशी, की पुढचा माणूस आता मागे वळेल याची मी वाट बघायला लागतो, आणि वळला तर कुणाचा चेहरा असेल, याची मला भीती वाटते. या भीतीचं मूळ माझ्याच एका वाक्यात आहे. त्या वाक्यामुळे एक माणूस आज बारा वर्षं तुरुंगात आहे. म्हणून हे लिहितो आहे.

मी सरकारी वकिलांच्या कार्यालयात तीस वर्षं कारकून होतो. कार्यालय कुठलं ते सांगत नाही. दोष माझा आहे, इमारतीचा नव्हे. आमच्या सीमाभागात साक्षीदार बोलतो मराठी आणि पोलीस त्याचा जबाब लिहून घेतात कन्नडमध्ये. दोन-तीन वर्षांनी खटला उभा राहतो, तोवर माणूस निम्मं विसरलेला असतो. म्हणून साक्षीच्या दिवशी त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवायचं आणि त्याचाच जबाब त्याला वाचून दाखवायचा. आम्ही याला उजळणी म्हणत असू. दोन्ही भाषा येणारा कारकून मी एकटा, त्यामुळे हे काम माझ्याकडे असे. कागदावर कन्नड, तोंडातून मराठी. मी वाचतो ते कागदावर आहे का, हे बाकावरच्या माणसाला कळायची सोय नव्हती, आणि आतल्या वकीलसाहेबांना तेवढा वेळ नव्हता.

मला गोष्ट सांगायची आवड. पोलिसांचे जबाब तुटक असतात. मी ते जोडून, जिथं लागेल तिथं दम घेऊन सांगायचो. साक्षीदार माना डोलवायचे. "माझ्यापेक्षा तुमालाच जास्त ठावं हाय की वो आप्पा," असं एकदा बोरगावचा एक शेतकरी म्हणाला होता. मला ते कौतुक वाटलं.

निपाणीच्या बाजूला तंबाखूची एक वखार जळाली आणि आत झोपलेला राखणदार मेला. त्याच वखारीतून महिन्यापूर्वी काढून टाकलेल्या एका हमालाला पोलिसांनी धरलं. तो म्हणत होता, मी त्या संध्याकाळी बहिणीच्या गावाला होतो. पण बहिणीशिवाय तसं सांगणारं कुणी नव्हतं. त्याच्याविरुद्ध प्रत्यक्ष बघणारी साक्षीदार एकच. ही बाई विड्या वळायची. तयार विड्या देऊन दिवेलागणीला घरी परत येताना तिनं वखारीमागच्या बोळातून एक माणूस घाईनं जाताना पाहिला. जबाबात एवढंच होतं: तो पाठमोरा होता, चालण्यावरून अमुक हमाल असावा असं वाटलं.

साक्षीच्या दिवशी समोरच्या बाकावर मेलेल्या राखणदाराची बायको बसली होती. ती रडत नव्हती, नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. साहेब आत जाताना म्हणून गेले, "ओळख पक्की पाहिजे. नाहीतर यात काही उरत नाही." त्यांनी मला काही कर म्हणून सांगितलं नाही, हेही लिहिलं पाहिजे.

मी वाचायला लागलो. बोळ आला, दिवेलागणीचा अंधार आला, पाठमोरा माणूस आला. आणि तिथं कागद संपला. मला कळत होतं, की इथं जागा रिकामी आहे. समोर ती विधवा. मी म्हणालो, "आणि मग, एकदा थांबून, त्यानं मागं वळून बघितलं. व्हय न्हवं आक्का?"

 बाईचे डोळे कुठंतरी लांब लागले आणि ती म्हणाली, "व्हय."

कोर्टात तिनं ते जसंच्या तसं सांगितलं. आरोपीच्या वकिलानं विचारलं, हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का? ती शांतपणे म्हणाली, "सांगितलं हुतं की. मगाशी भाईर वाचून दावलं, त्यात बी हुतं." ती खोटं बोलत नव्हती. तपास अधिकारी म्हणाला, तिनं सांगितलंही असेल, आम्ही थोडक्यात लिहून घेतो. जन्मठेप झाली. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो आणि मनाची समजूत घालत होतो, की आग त्यानंच लावली असणार.

निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन दिवस जुन्या फायली लावायला मला बोलावत. गेल्या उन्हाळ्यात तिथं एक मुलगी आली. बारावी झालेली, चिकोडीकडच्या जैन व्यापारी घरातली, कायद्याच्या कॉलेजात जाण्याआधी दोन महिने काम बघायला. मराठी-कन्नड दोन्ही पाण्यासारख्या. पहिल्याच दिवशी शिपाई तिला म्हणाला, "मॅडम, वकील व्हायचं तर आधी इथला चहा पचायला पाहिजे." ती म्हणाली, "चहा पचंल हो मामा, तुमचे जोक पचवायला टाइम लागंल." तिला सगळ्यांनी लगेच आपलंसं केलं. मला ती अण्णा म्हणायची.

तिच्याकडे स्कॅनिंगला जाणाऱ्या फायलींची यादी करायचं काम होतं. ती यादी करता करता वाचायची. दुपारची वेळ, पंखा बंद, रेकॉर्डच्या खोलीत मी आणि ती. तिनं एक गठ्ठा पुढे केला.

"अण्णा, ही बाई कोर्टात म्हणते त्यानं मागं वळून बघितलं. पोलीस जबाबात तो पाठमोराच जातोय. वळला कधी?"

मी म्हणालो, "एखादं पान गहाळ झालं असेल."

ती तीन दिवस ते पान शोधत राहिली. मी तिला शोधू दिलं. चौथ्या दिवशी केसात धूळ घेऊन ती समोर बसली. "पानांचे आकडे सलग आहेत. पान नाहीच." मग थोडा वेळ फाईल चाळत म्हणाली, "एक विचारू? साक्ष वाचताना बाई बोलते तसंच ऐकू येतं मला. पण या एका वाक्याला तुमचा आवाज येतो."

"म्हणजे काय गं?"

"'आणि मग, एकदा थांबून.' तुम्ही जेवताना काही सांगायला लागलात की असंच म्हणता. मी घरी तुमची नक्कल पण करते. हे कन्नडमध्ये लिहिलंय, तरी तुम्हीच वाटता."

 मी तिला सगळं सांगितलं. माझ्या बायकोला जे कधी सांगितलं नव्हतं, ते नातीच्या वयाच्या मुलीला. शेवटी म्हणालो, "आता हे इथंच राहू दे."

ती म्हणाली, "त्याचं अपील अजून चालायचंय, अण्णा. फाईलवर लिहिलंय. मला नाही जमणार."

मी म्हणालो, मग मला आधी त्या बाईला भेटू दे, तिला सांगतो की तू असं काही पाहिलं नव्हतंस. मुलगी म्हणाली, "म्हणजे तिनं काय बघितलं, ते परत तुम्हीच सांगणार?"

तरी मी गेलो. दुसऱ्या दिवशी निपाणीची गाडी पकडली, पुढे रिक्षा केली. बाई आता थकली होती, पण सुपात तंबाखू घेऊन विड्या वळतच होती. मला बघून म्हणाली, "रिटायर झाल्यावर वाट घावली व्हय घराची? बसा." नातवाला हाक मारून म्हणाली, "च्या टाक रं, कोर्टाचं आप्पा आल्यात."

मी विषय काढला. म्हणालो, आक्का, त्या दिवशी व्हरांड्यात मी वाचलं त्यात एक वाक्य माझ्या पदरचं होतं. तो वळला नव्हता. निदान तुम्ही तसं सांगितलं नव्हतं.

तिची बोटं थांबली नाहीत. "तुमी हुता का बोळात?"

"नव्हतो."

"मग? मी हुते. मी बघितलं." विडी दोऱ्यानं बांधून तिनं सुपात टाकली. "तवापासनं त्या बोळातनं गेले न्हाई मी. लांबनं येते वळसा घालून. डोळं मिटलं तरी दिसतंय. आदी पाठ. मग थांबतोय. मग मान वळवतोय, सावकाश."

"चेहरा कसा होता?" मी हे विचारायला नको होतं.

"कपाळ मोठं," ती म्हणाली. "आनी चष्मा घालून बघत हुता. चष्म्याच्या वरनं. असं."

तिनं हनुवटी खाली घेऊन, डोळे वर करून दाखवलं. हातात कागद धरून समोरच्याकडे बघायचं झालं, की मी तसंच बघतो. मला नोकरी लागली तेव्हापासून चष्मा आहे. त्या हमालाला कधीच नव्हता. कोर्टात तिला कुणी चेहरा कसा होता हे विचारलंच नाही. पिंजऱ्यातला माणूस दाखवला आणि हाच का म्हणून विचारलं, तिनं व्हय म्हटलं.

मी चष्मा काढून खिशात ठेवला. तिनं त्याची काही दखल घेतली नाही. चहा आला. चहा घेताना ती माझ्याकडे आपुलकीनं बघत होती, आणि माझ्या लक्षात आलं, की तिच्या नजरेसमोर जो उभा राहतो आणि समोर जो बसला आहे, ते दोघे तिच्या मनात कधी एकत्र येणार नाहीत. मी एकत्र आणायला गेलो असतो, तर आणखी काही बिघडवून आलो असतो. तिला पुन्हा काही न सांगता मी उठलो.

मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. नुसतं म्हणाली, "आता फक्त तुम्ही जे केलंत तेवढं सांगा. बाकीच्यांचं नको." आताच्या सरकारी वकीलबाईंसमोर ती माझ्याबरोबर बसून राहिली. वकीलबाई आधी दरवाजा लावून मला खूप बोलल्या, ते रास्तच होतं. मग त्यांनी कैद्याच्या वकिलाला कळवलं. मुलगी तिच्या कॉलेजाला निघून गेली. जाताना पाया पडली, आणि मला पाय मागे घ्यावेसे वाटले.

माझं प्रतिज्ञापत्र करण्याआधी कैद्याचा वकील म्हणाला, त्याला तुम्हाला भेटायचं आहे. मला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायचा हक्क मला होता असं वाटलं नाही.

भेटीच्या खोलीत दुपारचं ऊन जाळीतून जमिनीवर पडलं होतं. हमाल आत आला तेव्हा मला तो ओळखू आला नाही. केस पांढरे, खांदे उतरलेले. वकिलानं त्याला आधीच सगळं सांगितलं होतं. तो मला शिव्या देईल, निदान का केलंत असं विचारील, अशी तयारी करून मी गेलो होतो. तो समोर बसला.

"आप्पा," तो म्हणाला, "भैनीकडं हुतो मी. सुरवातीला पक्कं ठावं हुतं. तिनं भाकरी-आमटी केलती, ते बी सांगायचो सगळ्यांस्नी. पन बारा वर्सं झाली. निकालात लिवलंय, वकील वाचत्यात, हितली पोरं चेष्टेनं म्हनत्यात, का वळलास लेका, गप फुडं गेला अस्तास तर सुटला अस्तास. ऐकून ऐकून आता मला तो बोळ दिसतोय. मी जातोय. मागं कुनीतरी हाय. मी वळतोय, तर विड्यांचं सूप घेऊन एक बाई हुबी. तिचं पातळ-बितळ, समदं दिसतंय."

वकील अस्वस्थ झाला. "असलं काही बोलू नका," तो म्हणाला. "इथं नाही, कुठंच नाही."

"मी आग लावली न्हाई," तो वकिलाला म्हणाला. "ते मला दिसत न्हाई कदी. काडी, धूर, कायबी दिसत न्हाई. नुस्तं वळलेलं दिसतंय." मग तो माझ्याकडे वळून पुढे झुकला. आवाजात आर्जव होतं. "तुमी केलेलं हाय न्हवं हे? मग तुमीच सांगा. मी गेलतो का न्हाई त्या बोळात? तुमी सांगशीला ते मी धरून चालतो. मला एक कायतरी पक्कं पायजे."

तो खरंच माझ्या उत्तरासाठी थांबला होता. मी नाही म्हणालो असतो, तर त्यानं सुटकेचा श्वास सोडला असता आणि त्या रात्री त्याला बहिणीची आमटी आठवली असती. ते माझ्या हातात होतं, आणि सांगायला किती सोपं होतं ते मला माहीत होतं. एवढ्या वर्षांत इतक्या माणसांना मी सांगत आलो होतो.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी तिथं नव्हतो. कागदावर एक पाठमोरा माणूस होता, एवढंच मला माहीत आहे. पुढचं मी घातलं."

त्याचा चेहरा पडला. तो मला माफ करणार नाही, हे तेव्हा मला कळलं. त्याच्या एकाकीपणात मी आणखी भर घातली होती. वकिलानं पेन उघडलं होतं. त्यानं विचारलं, हे असंच लिहू का, माहीत नाही म्हणून?

असंच लिहा, मी म्हणालो. अपिलाची तारीख अजून लागलेली नाही.