सहा पिवळ्या गोळ्या

कोतवालाने चिठ्ठी आणली तेव्हा मी अंगणात मासे वाळत घालत होते. सातवा महिना होता, हात माखलेले होते, म्हणून म्हटलं, "ठेवा ना भाऊ तिथी, दगडावर." तर म्हणाला, "दगडावर नाई ठेवता येत बाई. सरकारी हाये."

घरात अक्षर ओळखणारी मी एकटीच. माहेर वरोऱ्याजवळचं, शाळा चौथीपर्यंत झालेली. एटापल्लीच्या वाटेवरच्या त्या जंगलातल्या सासरी माझ्या चौथीचा मला फार तोरा होता. त्या दिवशी मात्र वाचता येत नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. एका ओळीचा कागद: माजी शिपाई अमुक अमुक यांनी गुरुवारी सकाळी चावडीवर साहेबांसमोर हजर राहावे. कशासाठी, ते नाही. सरकारी कागदाला कारण सांगायची सवय नसते.

माझा नवरा ओसरीवर जाळं सांधत बसला होता. नवऱ्याचं नाव मी तेव्हा घेत नव्हते, आताही घेणार नाही. मी मोठ्याने वाचलं आणि त्याच्या हातातली सुई थांबली.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"आखीन काई नाई लिवलं?"

"नाही."

त्याने जाळं बाजूला सारलं. "आले शेवटी," एवढंच म्हणाला.

हा माणूस मोहफुलांच्या दिवसांत अस्वल समोर आलं तरी हातातली काठी टाकत नसे. आता त्याचे ओठ कोरडे पडले होते. सासूच्या कानावर जाऊ नये म्हणून तो मला तलावाच्या पाळीवर, बांधावर घेऊन गेला, आणि लग्नाला दोन वर्षं झाल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मोठ्या लढाईत, ब्रह्मदेशात, त्याने काय करून ठेवलं होतं.

त्याची तुकडी एका नाल्याच्या वर टेकडीवर होती. याला ताप भरलेला. तरी पाणी आणायची पाळी याचीच, म्हणून एकटा खाली उतरला.

"वाकून पानी भरून राह्यलो होतो. मान वर करतो तं समोर जपानी. दहा हातावर. बंदूक माह्यावर."

"मग?"

"माही बी त्याच्यावर."

दोघांचेही हात थरथरत होते. आधी याला वाटलं, तो भ्यायलाय. मग दातांचा आवाज ऐकू आला, तेव्हा ओळखलं, त्यालाही हिवताप आहे. दोन्ही बंदुकांची तोंडं इतकी हलत होती की गोळ्या सुटल्या असत्या तर बिचारी झाडंच मेली असती. शेवटी त्या जपान्याने आपली बंदूक हळूच दगडावर ठेवली, गुडघे टेकले आणि तोंड लावून पाणी प्यायला लागला. पिता पिता पाण्यातच कलंडला. माझ्या नवऱ्याने बंदूक टाकली आणि सदऱ्याला धरून त्याला बाहेर ओढलं.

"आमाले रोज तापाची एक गोळी देत. पिवळी, जहर कडू. अंग पिवळं पडे. मी मधात मधात खातच नव्हतो, खिशात टाकत होतो. सात होत्या. एक त्याले दाखवून म्या खाल्ली, सहा त्याच्या हातात देल्ल्या."

जपान्याने खिशातून एक चपटी पत्र्याची डबी काढली, आतलं झटकलं आणि ती याच्या हातात ठेवली. मग दोघांनी आपापल्या बंदुका उचलल्या आणि दोघे आपापल्या काठाने वर गेले.

"पाठ करून चाललो होतो मी. आता गोळी येते, मंग येते. नाई आली."

"आणि ती डबी?"

त्याने माझ्या कपाळाकडे बघितलं. "तुह्या कुंकवाची."

लग्नात मला दिली तेव्हा कलकत्त्याला घेतली म्हणाला होता. बुडाशी किड्यांसारखी अक्षरं होती, ती मी बंगाली समजत होते. चौथी शिकल्याचा एवढाच उपयोग!

त्याच्या पलटणीत एकाला दुश्मनाशी बोलला म्हणून हात बांधून नेलं होतं, आणि तो परत दिसला नव्हता. मी म्हटलं, आता इंग्रज गेला, स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली, कोण विचारतंय? तो म्हणाला, "राज गेला. कागद कुठी जाते?"

त्यापुढचे दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पोटातलं मूल हललं की वाटायचं, हे बापाला बघणार की नाही? डबी फळीवर होती. साहेब येणार, घराची झडती होणार, पहिला हात त्या फळीवर पडणार, हे मला धडधडीत दिसत होतं. बुधवारी दुपारी मी कुंकू पळसाच्या पानात काढून घेतलं, पाण्याच्या निमित्ताने पाळीवर गेले आणि डबी तलावात भिरकावली. सवाष्णीने कुंकवाची डबी आपल्या हाताने बुडवायची! येतील त्या सगळ्या देवांची माफी मागत घरी आले. नवऱ्याला सांगितलं नाही. घटकाभर बरं वाटलं, मग पुन्हा भीती होतीच.

चावडीवर बायका जात नसत, तरी गुरुवारी मी गेले. जीप उभी होती. साहेब चष्म्याचा, किडकिडीत. बाजूला दोन माणसं पिचकाऱ्यांसारखे लांब पंप घेऊन. ती कसली हत्यारं आहेत ते मला कळेना. मी खांब धरला.

माझा नवरा टाच जोडून ताठ उभा राहिला. साहेबाने तोंड उघडायच्या आत म्हणाला, "साहेब, म्याच देल्ल्या. सहा गोळ्या, दुश्मनाले. मले न्या. घरच्यायले काई करू नका." आणि अख्ख्या गावासमोर त्याने सगळं सांगून टाकलं.

साहेबाने सगळं ऐकून घेतलं आणि हसला. तो हिवतापाचा डॉक्टर होता. घराघरात फवारायचं औषध आणि तापाच्या गोळ्या घेऊन आला होता, पण लोक दारं लावून घेत होते. पलटणीत गोळ्या खाल्लेला, गावाचा आपला माणूस त्याला हवा होता. एवढ्यासाठी ती चिठ्ठी. मी खांबाला धरूनच खाली बसले आणि रडायला लागले.

मग डॉक्टरने सहज विचारलं, "सहाच दिल्या होत्या?"

"हो साहेब."

"मग काही मनात आणू नका. ताप इतका चढल्यावर सहा गोळ्यांनी काय होणार? पहिल्या दिवशीच त्याहून जास्त लागतात. तो काही वाचला नसेल. शत्रूला मदतबिदत काही झाली नाही तुमच्या हातून."

धीर द्यायला म्हणून बोलला तो. माझा नवरा तसाच ताठ उभा राहिला, पण त्याचा चेहरा उतरत गेलेला मी खाली बसून पाहिला.

घराकडे येताना निम्म्या वाटेत थांबला. मग म्हणाला, "मले वाटे, घरी पोचला असंन. लेकरंबिकरं झाले असतीन." आणि दारात आल्यावर म्हणाला, "ते डबी दे जरा."

मी सांगितलं. तो चिडला असता तर सोपं गेलं असतं. तो फक्त कुठे टाकली ते दाखव म्हणाला, आणि सदरा काढून तलावात शिरला. संध्याकाळपर्यंत बुड्या मारत होता. सासू काठावरून ओरडत होती, याला काय वेड लागलं? दुश्मनाच्या बंदुकीसमोर माझ्या नवऱ्याने बंदूक टाकली होती, आणि मला एका पत्र्याच्या डबीची दोन दिवस भीती झेपली नव्हती. त्याची लाज मला अजून वाटते.

डॉक्टरचं काम त्याने घेतलं. घरोघरी गोळ्या घेऊन जाई आणि शेवटची गोळी गिळेपर्यंत माणसाच्या दारातून हलत नसे. "उद्या खातो" म्हणणाऱ्याला तो अशा शिव्या द्यायचा की मला कानांवर हात ठेवावे लागत.

दर उन्हाळ्यात तलाव आटला की आमचे लोक चिखलात पायाने चाचपत मासे धरतात. तेव्हा तो सगळ्यांपासून वेगळा, मी दाखवलेल्या जागी फिरायचा. पुढच्या वर्षी पोराला सासूकडे देऊन मीही लुगडं खोचलं आणि त्याच्या मागे चिखलात उतरले. त्याने जरा सरकून मला जागा दिली. मरळ, वागूर असले मासे सापडले, कुणाची तरी फुटकी घागर सापडली. डबी नाही सापडली. तरी तो होता तोवर आम्ही दर वर्षी उतरत होतो.