घराजवळचं कॉलेज

माझा केसानं गळा कापला गेला तो अतिशय प्रेमानं, चहा घेत, माझ्याच भल्याच्या गप्पा मारत. म्हणूनच ते कळायला मला अख्खी पदवी लागली.

बारावीला मी कामोठ्यात रसायनशास्त्राच्या क्लासला जायचे. आम्ही विचुंब्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहायचो, त्यामुळे रिक्षा बदलत जावं लागायचं. पण सर शिकवायचे असे की त्याचा कधी कंटाळा आला नाही. मला पुढे संशोधनात जायचं होतं, आणि हे घरी सांगायच्या आधी मी सरांना सांगितलं होतं. त्यांची मुलगी माझ्याच बॅचला होती. जिवलग मैत्रीण म्हणतात तशी, माझ्या डब्यातली भाजी मला न विचारता संपवणारी.

निकाल चांगला लागला. मुंबईतल्या एका जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात मला बी.एस्सी.ची जागा मिळाली. होस्टेलही मिळत होतं. मी मनातल्या मनात बॅग भरत होते आणि एका संध्याकाळी सर आमच्या घरी आले.

"अगं, कॉलेजच्या नावात काय आहे? अभ्यास शेवटी तुझा तूच करणार," ते म्हणाले. "इथं हायवेला नवीन युनिव्हर्सिटी झालीये. कॅम्पस बघ एकदा. बस दारात येते. तळोजा इथं, रसायनी इथं, पाताळगंगा इथं, कंपन्या तुला शोधत येतील. आणि रिसर्चला एन्ट्रन्सचे मार्क बघतात, कॉलेज नाही. माझ्या मुलीलाही मी तिथंच घालतोय."

या शेवटच्या वाक्यानं माझा निकाल लागला. बाबा कपात बघत बसले होते. ते तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबचे प्रमुख. नवीन मुलं घेताना त्यांची परीक्षा तेच घ्यायचे. त्यामुळे मी त्यांच्याकडे पाहिलं. "सर एवढं सांगतायत तर विचार कर," एवढंच ते बोलले. मी विचार केला, बाबा एकदा जाऊन तिथली लॅब बघून आले, आणि मी मुंबईची जागा सोडून दिली.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी बसमध्ये शेजारची सीट अडवून ठेवली होती. मैत्रीण आलीच नाही. फोन केला तर ती मुंबईत होती, मी सोडलेल्याच कॉलेजात. "पप्पांनी ऐनवेळी ठरवलं गं," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात क्लासबाहेर भला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर तिचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत त्या कॉलेजचं नाव. माझाही फोटो होता, खाली फक्त टक्के. कॉलेजच्या नावात काय आहे म्हणणाऱ्या माणसाला ते नेमकं कुठं लिहायचं आणि कुठं गाळायचं हे बरोबर ठाऊक होतं. तरीही मी सरांना काही विचारलं नाही. मला वाटलं, मुलीच्या हट्टापुढे बापाचं चाललं नसेल.

कॅम्पस मात्र खरोखर चकाचक होता. लॅबमध्ये मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारं एक महागडं यंत्र होतं, कायम प्लास्टिकच्या आवरणाखाली. कमिटी तपासणीला यायची तेव्हा ते आवरण निघायचं. आम्हाला इस्त्रीचे ॲप्रन घालून त्याच्याभोवती उभं करायचे, एकीला बटणावर बोट ठेवायला सांगायचे आणि फोटो काढायचे. मी एकदा लॅबमधल्या मामांना विचारलं, हे चालू कधी करणार? "ताई, ते चालवायला नाय, दाखवायला हाय," ते म्हणाले आणि पुसायला लागले. बटणावर बोट ठेवलेला माझा फोटो पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात छापून आला. आईनं तो कौतुकानं सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

एन्ट्रन्सला मला चांगले मार्क मिळाले. एका मोठ्या संशोधन संस्थेत एम.एस्सी.च्या मुलाखतीला बोलावणं आलं. मला आयुष्यात तेवढंच हवं होतं. त्यांनी त्याच यंत्राबद्दल विचारलं. पुस्तकातलं होतं तोवर मी धडाधड उत्तरं दिली. मग एका मॅडमनी विचारलं, "आलेख असा वेडावाकडा यायला लागला तर तुम्ही आधी काय तपासता?" खोटं बोलता आलं असतं, पण जमलं नाही. म्हटलं, आमचं यंत्र कधी चालू केलेलं नाही. त्यांनी कॉलेजचं नाव विचारलं, मी सांगितलं, त्यांनी ते पुन्हा विचारलं. "यात तुमचा दोष नाही," मॅडम म्हणाल्या. त्या इतक्या मऊपणानं बोलल्या की मला तिथंच रडू फुटलं. माझं नाव लागलं नाही. माझ्या मैत्रिणीचं लागलं.

मग नोकरीसाठी बाबांना न सांगता त्यांच्याच कंपनीत अर्ज केला. तिथून उत्तर आलं की लॅबसाठी ते ठरावीक कॉलेजांतलीच मुलं घेतात. त्या दिवशी मी तडक कामोठ्याला गेले. सर मला बघून हसले, खुर्ची दिली.

"स्वतःच्या मुलीला मुंबईला पाठवलंत आणि मला इथं ठेवलंत. का?" मी विचारलं.

त्यांचं हसू मावळलं. "बाळा, मी तुला मुंबईलाच पाठवत होतो. तुझे बाबा येऊन माझे हात धरून बसले. म्हणाले, ती तुमचं ऐकते, तुम्हीच समजवा."

रिक्षात मी हे खोटं आहे असं स्वतःला सांगत होते. घरी बाबा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. मी विचारलं, सर म्हणाले ते खरं का? त्यांनी पाण्याचा मग खाली ठेवला.

"ॲडमिशनच्या आधी तुम्ही तिथली लॅब बघून आला होतात," मी म्हटलं. "ते यंत्र पाहिलं होतंत?"

"पाहिलं होतं. ते ज्यावर चालतं ती गॅसची लाइनच जोडलेली नव्हती."

"आणि तुमच्या कंपनीत तिथली मुलं घेत नाहीत, हे?"

"ते तर मीच ठरवतो," ते म्हणाले. खाली ठेवलेला मग उचलून त्यांनी उरलेलं पाणी कुंडीत ओतलं. "तू एकुलती एक. एकदा गेली असतीस तर परत आली नसतीस."

मला संताप आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण ते चुकीचं बोलत नव्हते. सरांचा राग मी केव्हाच गिळला असता, तो परका माणूस. पण ज्या माणसाच्या लॅबमध्ये मी लहानपणी रविवारी हट्टानं जाऊन बसायचे, त्यानं मला मुद्दाम बंद यंत्रापुढे नेऊन उभं केलं होतं. आईनं आतून जेवायला हाक मारली. बाबा माझ्यासाठी थांबले. मी त्यांना पुढे जायला सांगितलं.