राखण नसलेला पाय

वॉर्डात शिरली की ती आधी बाईच्या पायांवरचं पांघरूण सारायची, नडगीवर अंगठा दाबायची आणि उचलायची. "स्वल्प थांब," म्हणत खळगा भरायची वाट पाहायची. तो लवकर भरला नाही, तर पुढे काय वाढून ठेवलंय ते डॉक्टरांच्या आधी तिला कळलेलं असायचं. एकदा डॉक्टरांच्या पत्नी सहज आल्या, तर खुर्चीत टेकायच्या आत त्यांचीही नडगी दाबून झाली.

म्हैसूरच्या बायकांच्या इस्पितळात मी तिच्या हाताखाली नर्सचं काम शिकले. दोघी महाराजांच्या जुन्या मराठी शिपायांच्या घरातल्या. सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणायचे. कर्करोगासाठी बाईच्या जांघेतल्या गाठी काढल्या की जखमेतून पाणी झिरपे, पाय सुजे. अक्का पायाखाली उशा ठेवी, बोटांपासून वर घट्ट पट्टी गुंडाळी, बारीकसा ओरखडाही स्वतः धुई.

"गाठी गेल्या, ह्या पायाला आता राखण नाही," म्हणे. "काटासुद्धा पुरतो."

येलवालची एक सून बरी होऊन निघाली, तेव्हा अक्कानं तिला चपला आणून दिल्या. सासूनं त्या गाठोड्यात कोंबल्या. ते मला आवडलं नाही.

अठरा दिवसांनी सुनेला बैलगाडीतून परत आणलं. पाय जांघेपर्यंत लाल, हाताला चटका बसेल इतका तापलेला. मोठ्यांसमोर चपला कशा घालायच्या, म्हणून ती गोठ्यात अनवाणीच जात होती. अक्का तिच्यापाशी बसून राहिली. चौथ्या दिवशी दुपारी सून गेली.

सासूला अक्का एवढंच म्हणाली, "चूक माझी. मी तुमच्याशी बोललेच नाही."

त्यानंतर ती रजा काढून प्रत्येक बाईबरोबर तिच्या घरी जाऊ लागली. सासूला, नवऱ्याला समोर बसवून समजवायची. हुणसूरच्या बाईबरोबर निघाली, तेव्हा तिकडे उंदीर मरून पडताहेत, प्लेग आलाय, अशी बातमी होती. मी नको म्हटलं. चार दिवसांत येते, म्हणाली.

महिन्यानं ती हुणसूरची बाई तपासून घ्यायला आली. पायाला सूज नव्हती. अक्का अजून परतली नव्हती; तिचं विचारायचा मला धीर होईना. बाईनंच सांगितलं. सगळे गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेले होते. तिथे अक्काला ताप भरला, काखेत गाठ आली.

"मला जवळ येऊ देत नव्हत्या," ती म्हणाली. "लांबूनच सांगायच्या, चाल. मी झोपडीसमोर चालायचे, त्या पडल्या पडल्या माझ्या पायाकडे बघायच्या. तिसऱ्या दिवशी वळून पाहिलं, तर डोळे उघडेच होते, पण बघत नव्हत्या."