शिडाची बोट आणि आधीच लिहिलेला निकाल

शर्यतीची शिडाची बोट मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेली नाही. आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमधल्या चौघांपैकी कुणीच पाहिलेली नव्हती, आणि विषय देणाऱ्या सरांनीही नसावी. आम्ही कोपरला राहतो, तिथून खाडी जवळ आहे, पण तिथे दिसतात त्या रेतीच्या बोटी. तरीही इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्हाला विषय मिळाला तो असा: शिडाच्या बोटीच्या तळाखाली एक जड उभं पातं असतं, त्याला कील म्हणतात. त्याचा आकार बदलला तर पाण्याचा विरोध कमी होतो का, हे कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून बघायचं.

विषय मला आवडला होता. हे आधी सांगते, नाहीतर माझा राग कळणार नाही. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मला वाटायचं, विषय दिला की त्यावरचं मिळेल ते वाचायचं असतं. मी वाचलं. पूर्वी छोटं मॉडेल करून ते लांबलचक हौदात ओढत न्यायचे आणि किती जोर लागतो ते मोजायचे. छोट्या मॉडेलवर मोजलेलं मोठ्या बोटीला लागू पडेलच असं नाही, हे काहींना खरी बोट पाण्यात उतरल्यावर कळलं. मग मॉडेलं मोठी झाली. मग कॉम्प्युटर आले. सुरुवातीला त्यांच्या हिशोबात पाण्याचा चिकटपणा धरताच येत नव्हता. पुढे तो आला, लाटा आल्या. आता तर बोट बांधण्याआधीच खलाशी ती पडद्यावर चालवून बघतात. या सगळ्या माणसांची धडपड मला एकच दिसली. आपला हिशोब आपल्यालाच फसवत नाही ना, हे ती पुन्हा पुन्हा तपासत होती.

आमच्याकडे तपासायचं काही उरलंच नव्हतं. सरांनी एका परिषदेला लेखाचा गोषवारा आधीच पाठवलेला. ‘नव्या आकारामुळे विरोधात लक्षणीय घट’, असं त्यात छापील अक्षरांत होतं. तेव्हा आम्ही सॉफ्टवेअर उघडलंही नव्हतं.

काम मीच जास्त केलं, कारण मला ते आवडत होतं. कॉम्प्युटर बोटीभोवतीच्या पाण्याचे बारीक तुकडे करतो, त्याला आम्ही जाळी म्हणायचो. जाळी बारीक करत गेलं की उत्तर हलतं. ते हलायचं थांबलं, की मग त्यावर विश्वास ठेवायचा. आमचं थांबेना. जाड जाळीत नवी कील सरस. बारीक केली तर दोन्ही सारख्याच. आणखी बारीक केली तर जुनीच थोडी बरी. विद्यार्थ्यांच्या फुकट लायसन्समध्ये त्यापुढे जाताच येत नव्हतं. म्हणजे नवी कील चांगली की वाईट हे आम्हाला माहीत नाही, एवढंच आम्ही खरं सांगू शकत होतो.

मी सरांना तेच सांगितलं.

“जाड जाळीचा रिझल्ट घ्या,” सर म्हणाले.

“पण सर, तो तर...”

“एक्स्टर्नल परीक्षक स्लाइडवरचे रंग बघतो गं, जाळी नाही.” मग त्यांनी विचारलं, “घरी कुणी इंजिनीअर आहे?”

“नाही सर.”

“तरीच. कळेल हळूहळू.”

ते हे रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. ते प्रेमाने बोलले. प्रामाणिकपणा हा जणू माझ्या घरच्या अडाणीपणाचा भाग होता आणि डिग्रीबरोबर तो सुटणार होता.

बाहेर आल्यावर ग्रुपमधला एक मुलगा हसला. “कोण बुडणारे का त्यात? आपण शीड पण नाही काढलेलं. अर्धी बोट आहे ती. चिल कर.”

मला चिल करता येत नव्हतं, कारण त्या लेखावर माझं नाव येणार होतं. आई नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्यात साफसफाईचं काम करते. तिने डॉक्टरांना सांगून ठेवलेलं, पोरीचं नाव छापून येणार. डॉक्टर म्हणाले होते, एक प्रत आणा, बाहेरच्या टेबलावर ठेवू. आणि मला नोकरी हवी होती ती याच कामाची. असा एक लेख नावावर असला तर मुलाखतीला बोलावतात, असं सगळे सांगायचे.

तोंडी परीक्षेला एक्स्टर्नल आले. निकालाच्या स्लाइडवर निळ्यापासून लालपर्यंत रंग होते आणि खाली विरोध किती घटला तो आकडा. ते म्हणाले, “व्हेरी नाइस.” मी म्हटलं, “सर, हा आकडा खरा नाही. जाळी बदलली की निकाल उलटतो.”

आमचे सर हसले. “जरा जास्तच सिन्सिअर आहे आमची मुलगी.”

एक्स्टर्नलनीही हसून मान हलवली. “गुड पॉइंट. हे रिपोर्टच्या शेवटी फ्यूचर स्कोपमध्ये टाका, पुढे करायचं काम म्हणून.” आणि पुढच्या ग्रुपला बोलावलं.

मला ओरडा बसला असता, मार्क कापले असते, तरी चाललं असतं. त्यांनी माझं वाक्य उचलून शेवटच्या पानावर ठेवलं, जिथे ते कुणालाही अडवणार नव्हतं. निकाल तसाच राहिला. आम्हाला चांगले मार्क मिळाले. त्या मार्कांचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले आणि लेखावरून नाव काढा म्हणाले. बोलताना अडखळले, सॉरीही म्हणाले, का ते माहीत नाही. सर मान वर न करता म्हणाले, “काढतो. नुकसान तुझंच आहे.”

लेख आला. तीन मुलांची नावं, सरांचं सगळ्यात आधी. आतली सगळी चित्रं मी केलेली.

आईने विचारलंच, “आलं का छापून? डॉक्टर विचारत होते.”

मी तिला सगळं सांगितलं, जाळीपासून. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

“मग तू केलेलं काम खोटं होतं?”

“काम खरं होतं. त्यावर लिहिलं ते खोटं.”

“आणि खरं ते कुठे छापलंय?”

“कुठेच नाही.”

ती चिडली, आधी माझ्यावर. एवढी वर्षं शिकवलं ते नाव पुसायला का, म्हणाली. मीही आवाज चढवला. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “डॉक्टरांना काय सांगू? सरांनी नाव काढलं म्हणून सांगू?”

“नाही. मी काढायला लावलं म्हणून सांग.”

“का विचारलं तर?”

“माझा नंबर दे. मी सांगेन त्यांना.”