मामाचा पाचवा भाग

आमच्या भांडुपच्या चाळीत दर सव्वीस जानेवारीला सत्यनारायण असायचा आणि संध्याकाळी सात वाजता नाटक. लिहिणारे, करणारे, बघणारे आणि नावं ठेवणारे सगळे चाळीतलेच. नावं ठेवण्याचं खातं माझ्याकडे होतं. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. अक्षर बरं म्हणून नाटकाच्या नकला उतरवायचं काम माझं, आणि आवाज खणखणीत म्हणून प्रॉम्प्टिंगही माझ्याच गळ्यात. साठ मुलांच्या वर्गाने कमावलेला आवाज तो. तुझी कुजबुज तिसऱ्या रांगेत ऐकू येते, असं लोक म्हणायचे, आणि ते खरं होतं.

नाटक लिहायचे भाऊ. आमच्यापासून तिसऱ्या खोलीत राहायचे, एका कारखान्यात फिटर होते. गिरणी संपाच्या आदल्या वर्षी त्यांनी मामाचं नाटक लिहिलं आणि मामाची भूमिकाही स्वतःच केली. गावचा एक मामा चार दिवसांसाठी म्हणून भाच्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत येतो आणि हलायचं नाव घेत नाही. कोणी जरा वाकड्या तोंडाने पाहिलं की छत्री उचलून म्हणतो, "माझा काय, मी उद्याच्या गाडयेन जातंय!" आणि परत बसतो. हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. पण मी त्या नाटकाची भक्त झाले ती शेवटामुळे. शेवटी मामा खरंच जातो. भाचेसून जेवणाची ताटं मांडते, सवयीने एक ताट जास्त मांडते, त्याच्याकडे बघत उभी राहते आणि पडदा पडतो. फिटरच्या हातून हे उतरलं याचा मला इतका अभिमान वाटला, जसं काही मीच लिहिलं होतं.

झालं. नाटक गाजलं आणि नाटकाची वाट लागली.

दुसऱ्या वर्षी मंडळ म्हणालं, मामा परत आणा. गेलेला माणूस परत का यावा? तर म्हणे छत्री विसरला. एका छत्रीसाठी दोन तासांचं नाटक! तिसऱ्या वर्षी मामाचा जुळा भाऊ आला. दोन्ही भूमिका भाऊंच्याच, त्यामुळे एक रंगमंचावर आला की दुसरा संडासात. अख्खं नाटक कोणी ना कोणी संडासात बसून होतं. चौथ्या वर्षी मामा दुबईला गेला. पडद्यावर खजुराची झाडं हवी होती, पण पेंटर मालवणचा, त्याने मनापासून नारळ काढले. मामाने नारळाखाली उभं राहून तेच वाक्य टाकलं आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. तोवर मुलुंडच्या एका मंडळाने आमचा मामा बघून स्वतःची मावशी काढली होती. तिचेही दोन भाग झाले होते.

मला लोकांची चीड यायची. त्यातही पहिल्या रांगेतल्या एका मावशींची. त्या चार वाजताच चटई पसरून जागा धरायच्या, आणि मामा छत्रीला हात लावायच्या आधीच हसायला सुरुवात करायच्या. वाक्य अजून यायचंय आणि बाई मांडीवर थापा मारतायत! एवढंच हवं असेल तर भाऊंना त्रास कशाला, छत्री ठेवा स्टेजवर आणि हसत बसा, असं मी घरी आईला म्हणायचे. आई म्हणायची, "तुला काय गं त्रास? हसू दे की."

पाचव्या वर्षी दिवाळी संपता संपता भाऊंनी मला एक वही आणून दिली. "बाय, ह्या वाच. कोणाक सांगू नको."

नाटक नवीन होतं. मामा नाही, छत्री नाही. एक मुलगा गावाहून म्हाताऱ्या आईला मुंबईच्या खोलीत आणतो आणि त्या दिवसापासून ती बोलायचीच बंद होते. नाटकभर घरातले तिच्या वतीने बोलत राहतात: तिला भूक नाही, तिला करमतं इथे, तिला भाजी आवडली. शेवटच्या प्रवेशात ती एकच वाक्य बोलते, "माका घराक व्हर." मला घरी ने, एवढंच. भाऊंची आई त्याच वर्षी, त्याच तिसऱ्या खोलीत वारली होती. गॅलरीत गप्प बसलेली ती म्हातारी चाळीतल्या सगळ्यांनी पाहिलेली होती.

मी एका रात्रीत वही उतरवून काढली आणि नाटक मला पाठ झालं. मी वही परत द्यायला गेले. भाऊ म्हणाले, "एकदाच होवक व्हया गो. लोकांसमोर, एकदाच. मगे माझो मामो जन्मभर नाचूक तयार आसा."

मंडळाच्या सभेत मी तोंड सोडलं. तुम्हाला नाटक नको, पाढे हवेत, म्हटलं. दरवर्षी बे एके बे, आणि दरवर्षी टाळ्या. अध्यक्ष समजूतदारपणे हसले. "बाई, रडायला घरी काय कमी आहे का? संपातून लोक अजून उठले नाहीत. दोन घटका हसू दे ना यार. आणि नाटकाऐवजी भाड्याने व्हिडिओ आणून पिक्चर लावायचा म्हणतायत पोरं. मामा नसेल तर नाटकाला येणार कोण?" मी त्या चटईवाल्या मावशींचं उदाहरण देऊन सगळ्यांना फाडून काढलं. भाऊ खाली मान घालून बसले होते. हात वर झाले आणि मामाचा पाचवा भाग ठरला.

त्या सव्वीस जानेवारीला शिऱ्याचा वास अजून हवेत होता. मी चादरीच्या विंगेत वही घेऊन उभी होते. दुसऱ्या अंकात मामा रंगमंचावर एकटाच असतो आणि हरवलेली छत्री शोधतो. भाऊंना ती सापडली. त्यांनी ती उघडली नाही. खाटेवर आडवी ठेवली, जसं कोणाला निजवावं, आणि शेजारी बसून हळू आवाजात म्हणाले, "आये, तू बोलत नाहीस, म्हणून तुझ्या वाटचंही मीच बोलत आलो."

हे त्या दुसऱ्या वहीतलं होतं.

"तुला भूक नाही, तुला इथे करमतं, तुला गावची आठवण येत नाही. सगळं मीच सांगितलं लोकांना. तुला कधी विचारलं नाही."

समोर कोणी हसलं नाही. पोरांची रडारड थांबली, मागचे कप वाजायचे थांबले. अशी शांतता आमच्या चाळीत मी कधी ऐकली नव्हती आणि मी घाबरले. खरंच सांगते, घाबरले. मला वाटलं, आता शिट्टी येणार, आता कोणीतरी ओरडणार आणि भाऊंचं हसं होणार. त्या आईच्या नाटकातलं पुढचं वाक्य मला पाठ होतं. ते भाऊंनाही पाठ होतं, ते फक्त श्वास घेत होते. आणि मी, जिने सभेत सगळ्यांना अक्कल शिकवली होती, तिने हातातल्या वहीत बघून मोठ्याने प्रॉम्प्ट दिला, "माझा काय, मी उद्याच्या गाडयेन जातंय!"

स्टेजवर टांगलेल्या माईकने तो उचलला आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचवला.

भाऊंनी विंगेकडे पाहिलं. रागाने नाही. कोणी दार उघडेल म्हणून उभं राहावं आणि आतून कडी लागल्याचा आवाज यावा, तसं पाहिलं. मग त्यांनी छत्री उचलली आणि ते वाक्य म्हटलं. हशा झाला. नाटक पुढे गेलं आणि व्यवस्थित संपलं.

भाऊंनी नंतर मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं ते त्या मावशींनी. मी वह्या गोळा करत होते, तर त्या चटई गुंडाळून काखेत मारून विंगेपाशी आल्या. डोळे पुसलेले दिसत होते.

"गो बाय," त्या म्हणाल्या, "त्या आवशीचा फुडे काय झाला? ती बोल्ली काय शेवटाक?"

मी वही मिटली. म्हटलं, "कुठली आई, मावशी? भाऊ वाक्य विसरले होते."