तळ्यातलं जळकं ऑइल

बायको डेंगूनं गेली. तिचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी मी भोकरदनच्या गॅरेजातनं गाड्यांचं जळकं ऑइल आणलं, दोन कॅन. डास वाढले की तळ्यात ऑइल ओतायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पाण्यावर साय धरली की डासाची पिल्लं गुदमरतात म्हणं. मला तर तळ्यावर सूडच घ्यायचा होता. दोन्ही कॅन ओतले. रडण्यापेक्षा ते बरं वाटलं.

चौथ्या दिवशी मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले. बायको दर अमावास्येला ज्यांना कणकेच्या गोळ्या टाकायची, तेच. खडकावर एक पाणकावळा पंख पसरून बसलेला. ऊन खात असंल म्हणून जवळ गेलो, तर उडेना. पिसं चिकटून गेल्ती. चोचीनं ऑइल ओरबाडायचा आणि तेच गिळायचा. दिवस मावळायच्या आत मेला.

मंग आरोग्याच्या ताई घरी आल्या. मोरीजवळच्या हौदात बॅटरी मारली. म्हणल्या, "बाबा, डेंगूचा डास तळ्यात न्हाई, असल्या साठवलेल्या चांगल्या पाण्यात होतो. ह्या बघा अळ्या." त्या हौदाला झाकण करा, म्हणून बायको दोन वर्सं माझ्या मागं लागल्ती.

पुढं टीव्हीवर समुद्रात बुडालेलं जहाज दाखवलं. तेल सांडलेलं. काळ्या लाटा, काळं कासव, पंख चिकटलेली पाखरं. समुद्र मी जन्मात पाह्यला न्हाई, पण ती पाखरं बराबर वळखली. लोक म्हणतात, एवढा मोठा समुद्र, तेलानं काय होतं? अरे, तेल वरच पसरतं. आणि कासवाला दम घ्यायला वरच यावं लागतं.

यंदा गावात दोघं तापानं पडले आणि सरपंच ट्रॉलीत ऑइलचं पिंप घेऊन तळ्यावर आला. पोरगाच हाय, माझ्या लेकाच्या वयाचा. मी ट्रॉलीत चढून पिंपावर मांडी घातली.

"आबा, सरका. म्हातारी कशानं गेली, इसरले का?"

"माझ्या हौदानं गेली. तळ्यानं न्हाई."

"मागच्या वेळी ऑइल कोणी ओतलं मंग?"

"म्याच. म्हणून तर बसलो. आधी घरोघरचे हौद उपसा, माझ्यापासून धरा. तळ्याला हात लावायचा न्हाई."

"डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं," मागून कोणी तरी बोललं, तसे लोक हसले. फिरलंय. फिरू द्या.

सरपंच म्हणला, "कवर बसता, तेच बघतो."

"तुझी सरपंचकी संपंस्तोर."

लोक हसले, आणि ह्या वेळी त्याच्याकडं बघून हसले. त्यानं तोंड वाकडं करून ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, "चल, भोकरदनला माघारी ने हे." मला म्हणला, "जिंकले ना? आता तरी उतरा, आबा."

बिलकुल उतरलो न्हाई. भोकरदनपर्यंत वाटेत तीन ओढे लागतात.